इन्स्पेक्टर नको? मग कलेक्टर घ्या!

डॉक्टरांच्या संघटनेचं कुठलंही निवेदन काढून बघा. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या परिच्छेदात 'इन्स्पेक्टर राज' हा शब्द बहुतेक वेळा सापडतोच. नोंदणीचा कायदा म्हटलं की इन्स्पेक्टर राज, दरांचा विषय काढला की इन्स्पेक्टर राज, सोनोग्राफीचे फॉर्म तपासायला माणूस आला की इन्स्पेक्टर राज. एका शब्दात वाद संपवायची ही सोय मोठी छान आहे. आमच्याकडे नाही का, कोड रिव्ह्यू टाळायचा असला की माणूस 'हे मायक्रोमॅनेजमेंट झालं हां' असं म्हणून मोकळा होतो. तसंच.

आज मला एकच गोष्ट म्हणायची आहे, ती आधीच सांगून टाकतो. म्हणजे ज्यांना शिव्या घालायच्यात त्यांना शेवटपर्यंत वाचायचा त्रास नको :)

महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी गेल्या पंधरा वर्षांत सरकारी नियंत्रण रोखलेलं नाही. त्यांनी फक्त *लिहिलेलं* नियंत्रण रोखलंय. लिहिलेला नियम नसला म्हणजे मोकळीक मिळते असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात मिळतो तो फतवा. आणि फतव्याचा मार मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलला फारसा लागत नाही, त्यांच्याकडे वकिलांची फौज असते. तो लागतो शेगावसारख्या गावातल्या दहा खाटांच्या दवाखान्याला. आणि त्या दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या पेशंटला.

शेगावच का? एक तर तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी चार वर्षं काढली आहेत, गाव माहितीतलं आहे. दुसरं म्हणजे हा ब्लॉग वाचणारे आपण बहुतेक जण पुणे, मुंबई, बंगळूरला. खिशात कंपनीच्या मेडिक्लेमचं कार्ड. पण आपल्यातल्या निम्म्यांचे आईवडील अजून शेगाव, खामगाव, मलकापूर, चिखलीलाच आहेत. रात्री दोनला छातीत दुखलं तर ते पुण्याच्या हॉस्पिटलात जाणार नाहीत. जवळच्या डॉक्टरच्या दारात जातील, नाहीतर अकोल्याची वाट धरतील. तेव्हा हा विषय 'त्यांचा' नाही, आपला आहे.

कायदा नको म्हणालात, मिळालं काय?

थोडा इतिहास. केंद्र सरकारने २०१० साली क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला. दवाखान्यांची नोंदणी, किमान दर्जा, दर जाहीर करणं, तातडीच्या पेशंटला निदान स्थिर होईपर्यंत उपचार, असं त्यात होतं. आरोग्य हा राज्याचा विषय, त्यामुळे राज्यांनी तो स्वीकारायचा होता. महाराष्ट्राने स्वीकारला नाही. आपण आपला वेगळा कायदा करू असं ठरलं, २०१४ साली मसुदाही तयार झाला. डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध होता. मसुदा मसुदाच राहिला. आपल्याकडे आजही मूळ कायदा आहे तो नर्सिंग होम नोंदणीचा, १९४९ सालचा. म्हणजे एमआरआय, स्टेंट, डायलिसिस ह्यांपैकी काहीही जन्माला यायच्या किंवा आपल्याकडे पोचायच्या आधीचा.

संघटनांना वाटलं, जिंकलो.

मग आलं २०२०. कोविड. खाजगी हॉस्पिटलांची लाखांतली बिलं पेपरात यायला लागली. सरकारला दर बांधायचे होते, पण त्यासाठी शांतपणे, चर्चा करून बनवलेला कायदा हाताशी नव्हता. मग सरकारने काय केलं? साथरोग कायदा काढला, १८९७ सालचा! प्लेगच्या वेळचा, रँडसाहेबाच्या काळातला. त्याला आपत्ती व्यवस्थापन कायदा जोडला, आणखी दोन-तीन कायदे जोडले आणि २१ मे २०२० ला अधिसूचना निघाली. खाजगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के खाटा सरकारी दराने. साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह आयसीयू ९,०००. अंमल कुणी करायचा? कलेक्टर आणि महापालिका आयुक्त. बिलं तपासायला सरकारी ऑडिटर.

घ्या! इन्स्पेक्टर नको होता ना? कलेक्टर आला.

आयएमएच्या महाराष्ट्र शाखेने आरडाओरडा केला, की ह्या दरात आम्हाला परवडत नाही. पुष्कळ ठिकाणी ते खरंही असेल. पण परवडतं की नाही हे ठरवायला खर्चाचे आकडे लागतात. ते आकडे जमवायची, समोरासमोर बसून भांडायची, दर दोन वर्षांनी सुधारायची पद्धत कुठे होती? ती ज्या कायद्यातून आली असती तो तर तुम्ही दारातच अडवला होता.

पुढची गंमत बघा. मुंबई आणि छोटं गाव ह्यांचा खर्च वेगळा असतो हे सरकारच्या दरपत्रकात उमटायला एक वर्ष लागलं. १ जून २०२१ पासून शहरांचे तीन गट झाले. व्हेंटिलेटरच्या खाटेला मुंबई-पुण्यात ९,०००, मधल्या गटात ६,७०० आणि बाकी सगळीकडे ५,४००. शेगाव जिल्ह्याचं ठिकाण नाही, म्हणजे ते शेवटच्या गटात. आता मला सांगा, व्हेंटिलेटर शेगावला स्वस्तात मिळतो का? जागा स्वस्त असेल, पगार कमी असतील. पण मशीन त्याच किमतीला येतं. तो चालवणारा तज्ज्ञ तर छोट्या गावात यायला जास्तच मागतो. कदाचित ५,४०० बरोबर असेल, कदाचित चूक असेल. मुद्दा तो नाही. हा आकडा ठरताना बुलढाणा जिल्ह्यातल्या छोट्या दवाखानेवाल्याला हक्काने बोलायला जागा नव्हती, हा मुद्दा आहे.

कोर्टाचंही ऐका. नागपूरच्या हॉस्पिटलांची संघटना नागपूर खंडपीठात गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं, की कोविड नसलेल्या पेशंटांचे दर बांधायचा अधिकार सरकारला ह्या कायद्यांतून मिळत नाही. म्हणजे डॉक्टर जिंकले. आणि पेशंट? अपेंडिक्सचा पेशंट पुन्हा होता तिथेच आला, 'बघू, किती होतात ते' वर. फतव्याचं असंच असतं. टिकला तर डॉक्टर मेला, पडला तर पेशंट मेला.

आपल्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशनवर सही करायला नकार दिला म्हणून प्रोजेक्ट थांबत नाही. मग क्लायंट रात्री अकराला फोन करून सांगतो ते स्पेसिफिकेशन. आणि ते रोज बदलतं. आपल्यापैकी हे कुणी भोगलं नसेल असा माणूस मला दाखवा.

गहू आणि चेक

आता शेगावकडे या. डिसेंबर २०२४ चा शेवट आणि जानेवारी २०२५. शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा वगैरे गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. डोकं खाजतं, तीन-चार दिवसांत केस हातात, आठवड्याभरात टक्कल. बायका, पोरं, म्हातारे, सगळेच. टीव्हीवाल्यांना आयता विषय मिळाला, व्हॉट्सॅपवर विनोद फिरले. ज्या घरातल्या पोरीचं लग्न ठरत होतं त्या घराला विनोद सुचला नसणार. आरोग्य खात्याची पथकं आली, पाण्याचे नमुने गेले, आधी बुरशीचा संशय, मग पाण्याचा. आयसीएमआरची टीम आली.

ह्या सगळ्यात महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर शेगावच्या ह्या गावांत येऊन गेले. विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगभर माहीत असलेले, पद्मश्री मिळालेले, पण शेवटी एक खाजगी डॉक्टर. त्यांनी रक्त, लघवी, केस आणि गव्हाचे नमुने तपासून घेतले आणि निष्कर्ष मांडला, की सेलेनियम प्रमाणाबाहेर आहे आणि त्याचं मूळ रेशनच्या दुकानातल्या, पंजाब-हरियाणाकडून आलेल्या गव्हात दिसतं. त्यांच्या मांडणीनुसार १८ गावांत पावणेतीनशेच्या वर लोकांना त्रास झाला होता.

म्हणजे बघा, सरकारचंच धान्य, सरकारचंच दुकान, आणि त्यात काय आहे हे सांगायला रायगड जिल्ह्यातून एक खाजगी डॉक्टर यावा लागला. 'सरकारवर विश्वास ठेवू नका' म्हणणाऱ्या डॉक्टरांना ह्याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. आणि मी ते मान्य करतो. सरकार स्वतःचा गहू तपासत नाही आणि आमचे रजिस्टर तपासायला येतं, हा राग खोटा नाही.

पण थांबा. ह्याच बावस्करांची दुसरी गोष्ट सांगतो. २०१३ साली त्यांना एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला. कशाबद्दल? पेशंट पाठवल्याबद्दल. मराठीत ह्याला 'कट' म्हणतात, ज्ञानेश्वरांपासून समृद्ध झालेल्या भाषेत ह्याला दुसरा शब्द कुणी शोधलेला नाही. चेक सगळ्यांनाच येतात, त्यात नवल नाही. बावस्करांनी तो परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. नवल त्याचं झालं, इतकं की परदेशातल्या वैद्यकीय नियतकालिकांपर्यंत बातमी गेली.

एकच माणूस. सरकारचा गहू तपासतो आणि स्वतःच्या धंद्याचा चेकही तपासतो. नियंत्रण म्हणजे काय ह्याचं ह्याहून सोपं उत्तर माझ्याकडे नाही. ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे त्याला कुणीतरी विचारणारं हवं. सरकार असो की सर्जन.

पण एका बावस्करांवर राज्य चालत नाही. पुढे २०१७ साली महाराष्ट्राने कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा केला. तोही मसुद्यातच राहिला. त्याच वर्षी मुंबईतल्या एका हृदयरोग रुग्णालयाने 'प्रामाणिक सल्ला, डॉक्टरांना कमिशन नाही' अशा अर्थाचे फलक लावले होते. आयएमएने आक्षेप घेतला. कशावर? कमिशनवर नाही हो, फलकावर!

डॉक्टरांना खरंच नियंत्रण नको आहे का?

नाही. हा गैरसमज आधी काढून टाका. डॉक्टरांवर हल्ले झाले तेव्हा त्यांनी सरकारकडे कायदा मागितला, आणि बरोबरच मागितला. महाराष्ट्रात २०१० साली तो झाला. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाच्या फार्माकॉलॉजीच्या कोर्सनंतर ॲलोपॅथीची औषधं लिहू द्यायचा विषय आला तेव्हा आयएमएने सप्टेंबर २०२५ मध्ये राज्यात संप केला. मागणी काय? सरकारने हे थांबवावं. म्हणजे दारात कुणाला येऊ द्यायचं हे सरकारने ठरवावं, कडक ठरवावं. आत आल्यावर मात्र सरकारने डोळे मिटावेत.

मला ह्या दोन्ही मागण्यांत चूक दिसत नाही. पण मग तत्त्वाच्या गप्पा मारू नका. 'डॉक्टर आणि पेशंटच्या मध्ये सरकार नको' हे तत्त्व असेल तर ते मंगळवारी आणि गुरुवारी दोन्ही दिवशी लागू पाहिजे.

आणि आम्ही आमचं बघून घेऊ, हा दावा? तो तपासायला बुलढाणा जिल्ह्याचाच आकडा घेऊ. शून्य ते सहा वयोगटात २००१ च्या जनगणनेत हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ ला ८५५. दहा वर्षांत हजारी त्रेपन्न मुली कमी. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा १९८८ पासून, देशाचा १९९४ पासून. ह्या मुली काही आपोआप नाहीशा झाल्या नाहीत. आईबाप, सासू-सासरे दोषी आहेतच, पण मशीनसमोर बसलेला माणूस डिग्रीवाला होता. त्या दहा वर्षांत कुठल्या डॉक्टरला त्याच्याच बिरादरीने वाळीत टाकलं? मग सरकारने मशीनला सील लावायला सुरुवात केली, फॉर्ममधल्या एका रिकाम्या रकान्यासाठी खटले भरले, आणि आता रेडिओलॉजिस्ट म्हणतात हा जाच आहे. जाच आहेच. निरपराध लोकही भरडले गेले. पण २०१९ साली सुप्रीम कोर्टानेही नोंदीतली चूक ही किरकोळ कारकुनी चूक मानायला नकार दिला. घरातल्यांनी घर झाडलं नाही की बाहेरचा येऊन झाडतो, आणि तो भांडी फोडत झाडतो.

दहा खाटांच्या डॉक्टरची बाजू

माझा एक मित्र त्या भागात दवाखाना चालवतो. नवरा-बायको दोघं डॉक्टर, वर घर, खाली दवाखाना. त्याच्याशी ह्यावर तासभर भांडलो. तो म्हणाला, "तुला काय जातं बोलायला? तुमचा नियम मुंबईत बसून कोणी लिहिणार. इतकी चौरस फूट जागा, इतक्या ट्रेन्ड नर्सेस. मला सांग, शेगावात कुठून आणू ट्रेन्ड नर्स? कॉर्पोरेटवाला आणेल. तो उरेल, मी बंद करीन. मग तुझे बाबा कुठे जातील रात्री?"

मला हे उत्तर देता येत नाही असं त्याला वाटलं. पण हा कायद्याच्या विरोधातला मुद्दाच नाही. हा कायद्यात *काय* असावं ह्याचा मुद्दा आहे! दहा खाटांना एक दर्जा, शंभर खाटांना वेगळा, हे लिहून घ्या ना. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला तेव्हा तिथले खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. तातडीच्या पेशंटला पैसे न घेता उपचार द्या म्हणता, मग आमचे पैसे कोण आणि कधी देणार, हा त्यांचा सवाल होता, आणि अगदी रास्त सवाल होता. ४ एप्रिलला समझोता झाला. पन्नासपेक्षा कमी खाटांची खाजगी हॉस्पिटलं आणि सरकारकडून जमीन किंवा सवलत न घेतलेली हॉस्पिटलं बाहेर ठेवायचं सरकारने कबूल केलं. समझोता पेशंटच्या दृष्टीने कितपत चांगला ह्यावर वाद घाला. पण निदान टेबलावर कागद होता आणि दोघांनी त्यावर भांडून घेतलं.

जगात सगळीकडे हेच झालंय. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९४८ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतलं तेव्हा दहातले नऊ डॉक्टर नव्या सरकारी आरोग्यसेवेच्या विरोधात होते. आरोग्यमंत्री बेव्हनने पगारी नोकर करणार नाही असं आश्वासन दिलं, तज्ज्ञांना खाजगी प्रॅक्टिस ठेवू दिली, आणि ५ जुलैला सेवा सुरू झाली. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात १ जुलै १९६२ पासून डॉक्टर २३ दिवस संपावर गेले. शेवटी करार झाला, योजना राहिली आणि पुढे सगळ्या देशाने ती उचलली. विरोध करणं हा गुन्हा नाही. तिथल्या डॉक्टरांनी विरोध करून स्वतःच्या अटी कायद्यात घालून घेतल्या. आपल्याकडे विरोधाचा शेवट एकच, मसुदा कपाटात. मग पुढच्या साथीला, पुढच्या घोटाळ्याला पुन्हा फतवा.

सगळ्यात मोठा तोटा, ज्यावर कुणी बोलत नाही

१९४९ चा आपला कायदा सरकार किंवा पालिका चालवते त्या दवाखान्यांना लागूच नाही. केंद्राचा २०१० चा कायदा मात्र सरकारी दवाखान्यांनाही लागू होतो. लष्कराची रुग्णालयं तेवढी सोडून. आता ह्याचा अर्थ नीट लावा. जो कायदा सरकारच्याच सिव्हिल हॉस्पिटलला किमान दर्जाच्या चौकटीत उभं करू शकला असता, तो खाजगी डॉक्टरांच्या विरोधामुळे अडला. सरकारने मनातून सुटकेचा निःश्वास टाकला असेल!

९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका खाजगी रुग्णालयाच्या आयसीयूत आग लागून पेशंट गेले. आग सरकारी-खाजगी बघत नाही. नियम मात्र आपण तसे ठेवलेत.

डॉक्टरांनी सरकारला विचारायला हवं होतं, की आमच्या दहा खाटा तपासता ना, मग तुमच्या शेगावच्या सईबाई मोटे रुग्णालयात, खामगावात, बुलढाण्यात किती जागा भरल्या आहेत ते त्याच फलकावर लिहा. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यावर जीडीपीच्या अडीच टक्के खर्च करू म्हणाला होतात, कुठे आहे तो? फुले योजनेचे पैसे महिनोन्महिने का अडकतात? ह्यासाठी संप केला असता तर मी सुट्टी काढून मोर्चात आलो असतो. पण त्यासाठी दोघांना लागू होणारा एक कागद लागतो. तोच तुम्हाला नको.

आणि एक. २०१० च्या कायद्यातही जिल्ह्याच्या समितीवर अध्यक्ष कलेक्टरच आहे, हे मला माहीत आहे. पण त्या समितीवर डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रतिनिधीला जागा आहे आणि निर्णय पटला नाही तर वर अपील आहे. २०२० च्या कलेक्टरसमोर तुमच्यासाठी खुर्चीही नव्हती. फरक एवढाच, पण हाच सगळा फरक आहे.

मग काय करायचं?

नुसती टीका करून पळून जाणं बरं नाही, म्हणून चार गोष्टी.

एक, दरफलक. २०२१ मध्ये राज्याने नर्सिंग होमचे नियम सुधारले. पंधरा प्रकारच्या सेवांचे दर दर्शनी भागात लावा, रुग्णहक्कांची सनद लावा, तक्रारीसाठी नंबर ठेवा, असं त्यात आहे. लक्षात घ्या, दर *बांधलेले* नाहीत, फक्त *लिहायला* सांगितलेत. तुमचा दर तुम्हीच ठरवा, पण भिंतीवर लिहा. उडप्याच्या हॉटेलात इडलीचा भाव लिहिलेला असतो आणि त्यामुळे उडपी गुलाम झाला असं कुणी म्हणत नाही. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा आईवडिलांच्या दवाखान्यात हा फलक आहे का तेवढं बघा.

दोन, खाटांच्या संख्येप्रमाणे दर्जा. दहा खाटांच्या डॉक्टरला शंभर खाटांचा कागद भरायला लावू नका.

तीन, सरकारने ठरवलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर व्याज. नियम दोन्ही बाजूंनी चावला पाहिजे.

चार, तपासणीचा अहवाल जाहीर. सरकारी दवाखान्याचाही. इन्स्पेक्टर लाच घेईल ही भीती खरी आहे. पण बंद खोलीत घेतो तो. तपासणी काय केली, काय सापडलं, हे सगळ्यांना दिसलं की लाचेचा भाव पडतो. आणि मेडिकल कौन्सिलसारख्या ठिकाणी डॉक्टरांविरुद्धची तक्रार ऐकायला डॉक्टर नसलेली माणसंही बसवा. आपल्याच बॅचमेटचा बग आपणच तपासायचा आणि आपणच बंद करायचा, असं आम्ही केलं तर तुम्ही आमच्या बँकिंग सॉफ्टवेअरवर पैसे ठेवाल का?

ह्यातलं काही क्रांतिकारक नाही. ह्यात कुणी डॉक्टरला सरकारी नोकर करत नाही. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणलं, त्या खटल्याच्या नावातच इंडियन मेडिकल असोसिएशन होतं, विरोधात अर्थातच. आता धंदा संपला असं तेव्हाही म्हटलं गेलं. तीस वर्षं झाली. धंदा कसा चाललाय ते आपण बघतोच आहोत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला विचारलं, की उपचारांचे प्रमाण दर ठरवायचं तुमच्याच नियमात लिहिलंय, मग इतकी वर्षं काय केलंत? केंद्राच्या कर्मचारी योजनेचे दर सगळीकडे लागू करू का, असंही कोर्टाने ऐकवलं. म्हणजे पुढचा फतवा कुठून येऊ शकतो त्याची दिशा कळलीच. कर्मचारी योजनेचे ते दर शेगावच्या दहा खाटा डोळ्यापुढे ठेवून ठरवलेले नाहीत, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

तेव्हा डॉक्टरसाहेब, डॉक्टरबाई, पुढचा मसुदा येईल तेव्हा तो फाडू नका. लाल पेन घ्या आणि त्याच्यावर लिहा. तुमच्या गावची ट्रेन्ड नर्स कुठून येणार ते लिहा, तुमचे थकलेले पैसे लिहा, सिव्हिलच्या रिकाम्या खुर्च्या लिहा. भांडा. पण सही होईपर्यंत टेबलावरून उठू नका. तुम्ही उठलात की ती खुर्ची रिकामी राहत नाही. तिथे कलेक्टर बसतो, आणि त्याला अपेंडिक्स कुठल्या बाजूला असतं तेही माहीत नसतं.